थिओफीलच्या चेहऱ्यावरचे वॉर्निश

पॅरिस, १२ नोव्हेंबर १८८६

तीर्थरूप आईस फिर्मँचा नमस्कार.

माझा खोकला गेला, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

थिओफील गेल्यावर त्याची इथली खोली मी आवरली. त्याने स्वतःचे काढलेले चित्र तुला पाठवणार होतो. पण गालावर हिरवा रंग, डोळ्यांखाली जांभळा, आणि सगळे कोरडे, खडबडीत. गावातले लोक काय म्हणतील, या लाजेने मी चौकटवाल्याकडून वॉर्निश लावून घेतले. चित्र मामांच्या तसबिरीसारखे चकचकीत झाले.

काल त्याच्या सोबतीच्या चित्रकार मादाम ऑर्तांस आल्या.

"अहो फिर्मँ, भावाला पाकात बुडवलंत की! आमच्यातलं कुणी वॉर्निश लावत नाही. उजेड मरतो त्यानं."

"हिरवा गाल बघून आई रडली असती," मी म्हणालो.

"झाडाखाली बसल्यावर गाल हिरवाच दिसणार. दुसरे गुलाबी रंगवून मोकळे होतात. थिओफील स्वतःलाही तशी सूट द्यायचा नाही. म्हणून तर हे चित्र मोलाचं."

त्यांनी टर्पेंटाइनच्या चिंधीने एक कोपरा पुसला. आत आपल्या परसातले नाशपातीचे झाड निघाले. मी ते ओळखलेच नव्हते. हे त्याने यंदाच्या उन्हाळ्यात, आजारपणात तुझ्याजवळ राहून काढले आणि परतताना इथे आणले असणार.

बाकीचे पुसताना खालचा ताजा रंगही जाईल, अशी त्यांना भीती आहे. पुसायचे की नाही, तूच सांग. त्या उन्हाळ्यात त्याचा चेहरा तू रोज पाहिलास. मी एकदाही आलो नाही.

तुझ्यापुढे मान खाली घातलेला,
फिर्मँ