हळद लागलेला गाळ

उमापूर, ता. ४ मे १९८७

चि. अंजनास छबूआत्याचे पोटभर आशीर्वाद.

इकडं समदे खुशाल. तलाव पार आटलाय, आन् सोसायटी दर घरामागं वीस गाड्या गाळ वाटतीय. माज्या तीन एकर मुरमावर गाळ पडला तर बाजरी येईल, आन् बाजरी आली तर अवंदा कोयता घिऊन ऊसतोडीला जावं लागणार न्हाई. नऊ वर्सं झाली गं!

पर दोन सालाखाली वढ्यानं काळं पाणी आलतं, समदे मासे मेलते. कुणाचं पाणी ते कुणी सांगंना. म्हणून कंडक्टरच्या हाती डबाभर गाळ धाडलाय. तू कालेजात जंतू पाळतीस म्हणं. भावाची लेक, पाळायला शेळी मिळाली न्हाई व्हय? त्यांना इचार, गाळ रानात टाकू का नको.

उत्तर बिगीनं धाड, माया हायच.
तुजी छबूआत्या

औरंगाबाद, ता. ११ मे

ती. आत्यास अंजनाचा शि. सा. न. वि. वि.

डबा पोचला. आमचे जंतू समुद्रातले, अंधारात निळसर चमकतात. त्यांच्यात गाळाचं पाणी टाकायचं. उजेड टिकला तर ठीक, मंदावला तर गाळात विष. आत्या, तुझ्या गाळानं ते पाच मिनिटांत विझले! इतका जहाल गाळ सरांनीही पाहिला नव्हता. एक गाडीसुद्धा रानात पडू देऊ नकोस. मला फार वाईट वाटतंय.

माझ्यावर रागावू नकोस, जीव आहे तसाच लाव.
अंजना

उमापूर, ता. १६ मे

चि. अंजनास आशीर्वाद.

पत्र वाचलं आन् तडक तलावात जाऊन गाड्यांम्होरं फतकल मारली. सोसायटीचे चेअरमन बंकटभाऊजी लई तापले. मी म्हणलं, आदी माज्या अंगावरनं गाडी न्या. दोन दिस झाले, गाड्या उभ्या हायेत, गाव माज्याशी बोलंना. आन् कोयत्याकडं बघून मला रडू येतंय.

पर गाळ इतका वंगाळ कावून निघाला? मी तर लई निगुतीनं धाडलता. काळी आई पहिल्यांदा शहराला निघाली, म्हणून डब्यात मूठभर हळद-कुकू वाहिलं, कापूर ठिवला, मगच झाकण लावलं.

दुःखी आत्याला इसरू नको.
छबू

औरंगाबाद, ता. २७ मे

ती. आत्यास सा. न.

अगं आत्या! हळद! कापूर! सर हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. जंतूंना मारते म्हणून तर आपण जखमेवर हळद भरतो! चूक माझीच, आधी विचारायला हवं होतं.

मी लगेच सोसायटीला तार करून कोऱ्या पिशव्यांत तीन जागचा गाळ मागवला. भांडायचं म्हणून बंकटकाका स्वतःच घेऊन आले. अंधाऱ्या खोलीत चमकती बाटली पाहिली आणि भांडण विसरून हात जोडून उभे राहिले! तलावाच्या भिंतीकडचे दोन्ही गाळ छान, जंतू चमकतच राहिले. दुसऱ्या तपासणीतही तेच निघालं. ओढ्याच्या तोंडचा मात्र खरंच वाईट, तिथं फावडं लावू देऊ नका. बाकीचा टाक बिनधास्त!

तुझी हसरी,
अंजना

उमापूर, ता. २० सप्टेंबर

चि. अंजनास आशीर्वादावर आशीर्वाद.

बाजरी माज्या डोक्याच्या वर गेलीय! बंकटभाऊजी आता गावभर तुजे जंतू आपणच पाळल्यावानी सांगत फिरत्यात. काल ऊसतोडीचा मुकादम आलता. मी येत न्हाई म्हणलं, तर दोनदा इचारलं त्यानं. दोन्ही बारीला न्हाईच म्हणलं.

तुज्या बापाला सांग. नऊ वर्सं भाऊबिजेला त्यो माज्या दाराचं कुलूप बघून माघारी गेला. अवंदा ये म्हणावं. ओवाळायला मी घरी हाय.

छबू