साडू वजा फिल्म

३ मार्च, सोमवार. सकाळ.
सूड घ्यायचं ठरलं. येत्या सोळा तारखेला सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. हॉल, मोठा पडदा, झाडून सगळे नातेवाईक आणि मी केलेली फिल्म. गेल्या वाढदिवसाला धाकट्या साडूने मोबाइलवर स्लाइड शो केला होता. त्यात मी एकदाच दिसलो, तेही तोंडात घास आणि डोळे मिटलेले. वर सासरे म्हणाले, धाकट्या जावयांच्या हातात कला आहे. या घरातलं प्रत्येक कार्य वर्षानुवर्षं कॅमेरा धरून शूट कोण करतं? मी. आणि कला त्याच्या हातात.
ठीक आहे. या फिल्ममध्ये साडू नसेल. औषधालाही नसेल.

४ मार्च, मंगळवार.
ऑफिसला दांडी. काम झकास चाललंय. जुन्या शूटिंगमध्ये साडू सासऱ्यांशेजारी बसलाय तिथे कुंडी ठेवली. जिन्यात सासूबाईंना हात देतोय तिथे पडदा सोडला. मग वाटलं, जागा वाया का घालवा? हिरवी चादर टांगून स्वतःचेच निरनिराळे शॉट घेतले आणि त्याच्या जागी चिकटवले. आता सासऱ्यांचा चष्मा शोधून देतो तो मी. मेणबत्त्या पेटवतो तो मी. बायकोने विचारलं, चादरीसमोर हात पुढे करून काय करताय. व्यायाम, म्हटलं.

६ मार्च, गुरुवार. संध्याकाळ.
आज मुख्य शॉट. ऑपरेशननंतर सासरे घरी आले तेव्हा साडू व्हीलचेअर ढकलत होता. त्याला पुसला, तर खुर्ची आपोआप चालायला लागली. भुताटकीच. मग मागे स्वतःला उभं केलं. एका शॉटवर इतके थर चढवलेत की मोजायचं सोडलं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडताच शेवटचं काम आपोआप समोर यावं, अशी सोयही करून ठेवली. वेळ वाचतो. प्रोफेशनल लोक असंच करतात.

७ मार्च, शुक्रवार.
सॉफ्टवेअर उघडत नाही. कंपनीचं चित्र येतं, खाली पट्टी सरकते, शेवटाला टेकते आणि सगळं गायब. पुन्हा तेच. पुन्हा तेच. किरकोळ प्रकार आहे. उद्या पंधरा मिनिटांत निस्तरेन.

८ मार्च, शनिवार.
काढून परत टाकलं. बंद. फॉन्ट उडवले. बंद. प्रिंटरची वायर काढली. तरी बंद. क्रॅश झालं की एक चौकट येऊन विचारते, त्या वेळी आपण काय करत होतात? पहिल्यांदा सभ्य उत्तर दिलं. नंतर लिहिलं, सूड घेत होतो, आता तुमचाही घेईन. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत' असं उत्तर आलं. ही कंपनी मी बुडवणार.

१० मार्च, सोमवार.
यामागे साडू आहे. दिवाणखान्यात बसून तो एकदा माझ्या लॅपटॉपकडे बघत होता, तेव्हाच मला शंका आली होती. बायको म्हणते, त्याला बोलवा, त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं. म्हटलं, मेलो तरी बोलावणार नाही.

११ मार्च, मंगळवार.
ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकला. आता सॉफ्टवेअर क्रॅश होतं ते आडव्या फिरलेल्या स्क्रीनवर. मान वाकडी करून काम करतोय. लॅपटॉपचा पंखा टूथब्रशने साफ केला. टूथब्रश बायकोचा निघाला. घरात अबोला.

१३ मार्च, गुरुवार. दुपार.
बायकोने अबोला मोडला, पण साडूला फोन केल्याचं सांगण्यापुरताच. बाबांनी सगळ्यांना फिल्मचं सांगून ठेवलंय, ऐनवेळी कोऱ्या पडद्यापुढे त्यांना बसवायचं का, असं तिचं म्हणणं. साडू उद्या येतोय. डाव ठरला आहे. त्याला फक्त सॉफ्टवेअर दाखवायचं, फिल्म नाही. काम झालं की चहा न देता वाटेला लावायचं.

१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ.
साडू आला. आधी स्क्रीन सरळ केली. मग विचारलं, उघडताना शेवटचं काम आपोआप उघडतं का. मी म्हटलं, अर्थात. तो म्हणाला, सॉफ्टवेअर धड आहे, त्या कामाचं ओझंच त्याला पेलत नाहीये. एक बटण दाबून धरलं आणि सॉफ्टवेअर रिकामं उघडलं. मी आभार मानून दाराकडे बघितलं. त्याने तोवर फिल्मच्या फाइलवर क्लिक केलं होतं. जड थर बंद करत करत तो व्हीलचेअरपर्यंत पोचला.
शॉट मागे नेऊन पुन्हा पाहिला. मी कुंडीतल्या झाडांविषयी बोलायला सुरुवात केली.
"दादा," तो म्हणाला, "मला काढलंत, पण माझी सावली राहिलीय."
खरंच राहिली होती. सासऱ्यांच्या पायाशी, लांबलचक.
मी काही बोलणार तोच तो म्हणाला, "अर्धवट बरं दिसत नाही. सरका जरा."
आणि त्याने स्वतःला नीट पुसलं. सावली, आरशातलं प्रतिबिंब, कपाटाच्या काचेतला हात, सगळं. चहा दोनदा मागून घेतला. जाताना हसला.
पूर्ण शरणागती. इतक्या लवकर गुडघे टेकेल असं वाटलं नव्हतं.

१५ मार्च, शनिवार.
फिल्म तयार. शेवटी मोठ्या अक्षरांत: संकलन, थोरले जावई. उद्या हिशेब चुकता.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळ.
फिल्म अडखळली नाही. टाळ्या पडल्या. व्हीलचेअरच्या शॉटला सासऱ्यांनी डोळे पुसले. मी उठून उभा राहिलो, नम्र चेहरा आधीच करून ठेवला होता.
तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, इतकी वर्षं वाटायचं, कॅमेरा घेऊन थोरले उभे असतात. पण हे तर प्रत्येक ठिकाणी समोरच आहेत. सासऱ्यांनी विचार केला. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले:
"धाकटे एकदाही दिसले नाहीत. म्हणजे सगळं शूटिंग यांनीच केलंय. आणि कधी तोंडातून अवाक्षर काढलं नाही."
हॉलमधले सगळे उठून उभे राहिले. साडूने हात जोडले. म्हणाला, असू दे बाबा, थोरले होते समोर, म्हणून जमलं.
मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर आधी ते सगळे थर समजावून सांगावे लागले असते. तोंड मिटलं. बायको माझ्याकडे बघत होती. चादर तिला आठवली असावी.
मोबाइलवर फोटो काढत होतं कोणीतरी. माझे डोळे बहुतेक मिटलेलेच असणार.

१७ मार्च, सोमवार.
सासऱ्यांचा हुकूम आला, यापुढे घरातली सगळी कार्यं धाकट्यांनीच शूट करायची, आणि चांगला कॅमेरा थोरल्यांकडे पडून आहे तो त्यांना द्यायचा. साडू सकाळीच येऊन घेऊन गेला. दारातून परत फिरला आणि विचारलं, दादा, हा चालू कुठून होतो?
दाखवलं.