घरटी खाली आहेत

१८ मे

चि. माकडास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, चिठोरंच ते. पन्नाशीला टेकलास तरी लिहिण्याचा कंटाळा काही जात नाही तुझा. मी मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण फोनवर मला काहीच बोलता येत नाही. आमची खोली एक, त्यात ह्यांचा पलंग. ह्यांची वाचा गेली, पण कान शाबूत आहेत. ह्यांच्याविषयी ह्यांच्यासमोर काय बोलायचं? म्हणून धुलाईघरात जेवणाच्या सुट्टीत, इस्त्रीच्या टेबलावरच हे लिहिते आहे. तूही जे असेल ते लिहीत जा. फोन करू नकोस.

लुळी पडलेली उजवी बाजू आहे तशीच आहे. त्याची सवय झाली आता. पण हे जेवत नाहीत रे. घास तोंडाशी नेला की ओठ मिटून घेतात, अगदी ठरवून. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालून इस्पितळात ठेवावं लागेल. नळीचं नाव निघालं तसे ह्यांनी डोळेही मिटले. मी इस्पितळाच्या चादरी धुते, त्या नळीवाल्यांच्या खोल्यांतून काय येतं ते मला ठाऊक आहे. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय.

त्यात ही बगळ्यांची पीडा. बसडेपोच्या मागच्या भिंतीलगतची ती चार मोठी झाडं, आमच्या खिडकीला खेटून आहेत ती, बगळ्यांनी पांढरी झाली आहेत. विणीचा रंग चढलाय मेल्यांना, डोकी नि माना केशरी झाल्यात, आणि दिवसभर काटक्यांवरून भांडणं. वास तर विचारू नकोस. कामावर चादरी धुवायच्या आणि घरी आलं की दोरीवरची आपलीच चादर पुन्हा धुवायची. डेपोने छाटणीचं काम तुमच्याच ठेकेदाराला दिलंय असं कळलं. मुकादम भावाचा एवढा तरी उपयोग होऊ दे. माणसं पाठव आणि ही झाडं एकदाची साफ कर.

लोभ आहेच, तो पत्रातून थोडा दिसूही दे.

तुझी,
ताई

२६ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा आजवर मोडली नाही, आता मोडतो आहे. पक्षी घरट्यात असताना झाडाला हात लावायचा नाही, असा नियम आहे. नियम नसता तरी मी लावला नसता. आत्ता अंडी असतील, फिक्या निळ्या रंगाची. नर काडी आणून देतो, मादी ती लावते, आणि दोघांचं मिळून घरटं असं विरळ होतं की खालून अंड्यांचा रंग दिसावा. साडेतीन आठवडे ऊब द्यायची, मग पिल्लांना उडायला महिना तरी. तेव्हा ऑगस्टपर्यंत कळ काढ.

ते तुमच्याच डोक्यावर का येतात म्हणशील, तर माणसांच्या वर्दळीत घारी-सापांचं भय कमी, आणि डेपोमागची दलदल चरायला जवळ. बेडूक, नाकतोडे आयते. सोयीची जागा सोडून कोण जाईल? भावोजी बस चालवायचे तेव्हा याच बगळ्यांनी त्यांच्या काचेवर घाण केली म्हणून त्यांनी डेपोत केवढा तमाशा केला होता! साहेबाच्याच हातात फडकं दिलं होतं. ही आठवण त्यांना सांग. हसले नाहीत तरी आतून हसतील.

त्यांच्या जेवणाचं दोनदा वाचलं. मी यायला हवं, कळतंय मला. पण इथे माणसांची मारामार आहे. काल दोन ट्रक खाली करायला मीच उभा राहिलो, पाठ धरली आहे. झाडांवर तुझी नजर असू दे. आमच्या मालकाला मी सांगून ठेवलंय की समोर बहीण राहते, ती सांगेल तेव्हाच माणसं जातील.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
माकड

२७ जून

चि. माकडास,
अ. उ. आ.

नवल लिहिते. हे जेवायला लागले!

खिडकीसमोरच्या फांदीवर एक घरटं आहे. त्यात तीन पिल्लं निघाली. रूपाने म्हणशील तर बघवत नाहीत, नुसती चोच, पोट आणि ताठ उभे केस. आई आली की पिल्लू तिची चोच आडवी धरून खाली ओढतं, मग तिच्या घशातून खाणं वर येतं. मला तर किळस आली. पण हे एकटक पाहत होते आणि पाहता पाहता ह्यांचं तोंड उघडलं. मी भाताचा घास पुढे केला. गिळला. पुन्हा पिल्लाने चोच धरली, पुन्हा घास. अर्धी वाटी गेली पोटात. मी मोरीत जाऊन रडले.

तेव्हापासून आमचं जेवण बगळ्यांच्या वेळेवर. कामावर जाण्याआधी एकदा, आल्यावर एकदा. जाताना ह्यांना उशा लावून खिडकीकडे तोंड करून बसवते. डॉक्टरांनी नळीचं नाव काढणं सोडलंय. वासाचं म्हणशील तर मला आता येतच नाही.

एक वाईट झालं, तेही लिहिते. तिसरं पिल्लू सगळ्यांत मागून निघालेलं, लहानखुरं. मोठी दोघं त्याला टोचायची, खाऊ द्यायची नाहीत. परवा त्यांनी त्याला कडेवरून ढकललं. ते भिंतीपाशी पडून दिवसभर ओरडत होतं. आई वर आली, खाली एकदा पाहिलं आणि वरच्या दोघांना भरवून निघून गेली. डेपो झाडणाऱ्या बाई म्हणाल्या की घरट्यात असेल तेच त्यांचं, पडलं त्याला त्या विचारत नाहीत. त्या संध्याकाळी ह्यांनी घास घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र घेतला. उरलेल्या दोघांवर माझी भिस्त आहे बघ. ती उडेपर्यंत हे सावरतील असं डॉक्टरही म्हणतात. तेव्हा छाटणीचं मी बोललेच नाही असं समज.

शहाण्या भावावरचा लोभ थोडा वाढला आहे, हुरळून जाऊ नकोस.

तुझी,
ताई

५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावोजी जेवले हे वाचून मी चालत्या कामात खाली बसलो. माणसांना वाटलं, चक्कर आली. मी त्यांना चहा पाजला, कारण मात्र सांगितलं नाही.

आता कामाचं. डेपोवाले मालकाच्या मानगुटीवर बसलेत. झाडांचे शेंडे विजेच्या तारांवर आलेत, ठिणग्या उडतात म्हणे. निदान शेंडे तरी उतरवा, असा तगादा आहे. शेंड्यांत घरटी नसली तर तेवढंच करता येईल. आणि एव्हाना सगळंच मोकळं झालं असलं तर चारही झाडं एकदम आटपतो. तिकडे काय स्थिती आहे ते कार्डावर एका ओळीत कळव. मी दुसऱ्या साइटवर अडकलोय, माणसं माझ्याशिवायच येतील.

बाकी क्षेम. आशीर्वाद आहेतच, पाठीसाठी दोन जास्त पाठव.

तुझा,
माकड

९ जुलै

चि. माकडास आशीर्वाद. घाईत लिहिते, दोन बायका रजेवर आहेत. तू विचारलंस त्याचं उत्तर, घरटी खाली आहेत. शेंड्यांत एकही नाही. माणसं बघून पाठव. ह्यांचं उत्तम चाललंय. बाकी मागाहून. माया असावी.

ताई

१५ जुलै

चि. भावास,

तू असं का केलंस?

सोमवारी संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा खोलीत एवढा उजेड होता की आपण दार चुकलो असं वाटलं. खिडकीतून डेपोची भिंत दिसत होती, अख्खी. चारही झाडांचे बुंधे उरलेत. जमिनीवर फांद्या आणि फांद्यांत पिल्लं. बरीचशी मेलेली होती, काही चिरडलेली. जी जिवंत होती ती ओरडत होती. पंख फुटले होते रे त्यांना, आणखी दहा-बारा दिवसांत उडाली असती. आई-बाप तारांवर आणि डेपोच्या पत्र्यावर रांगेने बसले होते, घशात खाणं घेऊन. एकही खाली उतरला नाही. झाडणाऱ्या बाई पाटीत पिल्लं भरत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. माझा भाऊ मुकादम आहे हे सगळ्यांना मीच तर कौतुकाने सांगितलं होतं.

हे दिवसभर खिडकीशी होते. मीच बसवून गेले होते उशा लावून. ह्यांना स्वतःहून वळता येत नाही, ओरडता येत नाही. करवतीचा आवाज सुरू झाल्यापासून शेवटची फांदी पडेपर्यंत हे पाहत बसले. उशी ओली झाली होती.

मी तुला स्पष्ट लिहिलं होतं. बघून पाठव म्हणाले होते. माझं पत्र तू वाचलंस तरी का?

काल आणि आज ह्यांनी तोंड उघडलेलं नाही.

ताई

१८ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड माझ्यासमोर आहे. तूच लिहिलं आहेस, घरटी खाली आहेत. मी ते मालकाला वाचून दाखवलं. खाली झाली म्हणजे उडाली, असंच आम्ही दोघं समजलो. शेंड्यांतसुद्धा एक उरलं नाही, असं पुढे वाचलं. बघून पाठव म्हणजे सवडीने पाठव.

तुझं पत्र आल्यावर ती ओळ पुन्हा वाचली. तू खालच्या फांद्यांबद्दल लिहिलं होतंस. ताई, आमच्याकडे दिवसभर हाच शब्द. गाडी खाली कर, जागा खाली कर, गोदाम खाली आहे का. मला त्याचा दुसरा अर्थ सुचलाच नाही. आणि दिवस मोजले असते तरी कळलं असतं. उडायला महिना लागतो हे मीच तुला शिकवलं होतं.

माझ्या माणसांनी पहिल्या फांदीवरच पिल्लं पाहिली होती. त्यांतला एक थांबला. दुसरे म्हणाले, मुकादमांनी खाली म्हणून सांगितलंय, राहिलेली चार-दोन असतील. अर्धं झाड उतरल्यावर थांबून काय करायचं, म्हणून पुढे कापत गेले. हे त्यांनी मला आज सांगितलं.

पुढच्या रविवारी मी येतो. भावोजींचे पाय धरतो. तू मला दारात उभं केलं नाहीस तरी चालेल.

काय मागू आता, काहीच मागवत नाही.

तुझा अपराधी,
भाऊ

२१ जुलै

चि. माकडास,
अ. उ. आ.

तू हलगर्जी किंवा दुष्ट असतास तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. शब्द माझाच आहे आणि हातही माझाच. आणखी एक ओळ लिहायला मला काय झालं होतं, हे मी दिवसभर चादरींना विचारते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. उद्या नळी, म्हणाले. ते गेल्यावर मी वाटी घेऊन ह्यांच्यापाशी बसले, आणि खोटं बोलले. म्हटलं, अहो, आपल्या समोरची दोघं आदल्या दिवशीच उडाली होती, झाडणाऱ्या बाईंनी पाहिली. झाड कापलं तेव्हा आपलं घरटं रिकामं होतं.

ह्यांच्या डोळ्यांसमोर ती फांदी पडली होती. दोघं तिच्यावर होती. ह्यांना माहीत आहे आणि ह्यांना माहीत आहे हे मलाही माहीत आहे. ह्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. मी घास दिला, तो गिळला. पूर्ण वाटी संपवली. त्यानंतर रोज दोन्ही वेळा जेवतात. पलंग मी फिरवून घेतलाय, आता भिंतीकडे तोंड आहे. जेवताना डोळे माझ्यावर असतात, ओठाला चमचा लागला की तोंड उघडतात. भूक असते असं मला वाटत नाही. माझ्यासाठी गिळतात रे ते.

रविवारी अवश्य ये. पण पाय धरू नकोस, रडू नकोस आणि माफी तर मुळीच मागू नकोस. तू माफी मागितलीस की माझं खोटं त्यांच्यासमोर उघडं पडेल, मग त्यांना तोंड उघडायला काही कारण उरणार नाही. तू नेहमीसारखा ये. शेजारी बस आणि विचार, भावोजी, तुमची दोघं उडाली म्हणे.

ते हो म्हणून मान हलवतील. तेवढं बघायची तयारी करून ये.

माया आहे. यापुढेही राहील.

तुझी,
ताई