आईचं आजारपण

ताई,

काल मी फोन केला तेव्हा शिक्षण खात्याचे निएसाहेब शेजारीच बसले होते. दुधाचा खोका, संत्री घेऊन पाहुण्यासारखे आले. सरकारनं तुला पोलंडात चिनी शिकवायला धाडलं, आणि वर्गात एका पोरीनं आपल्या सरकारबद्दल नको ते विचारलं तर तू खरं सांगितलंस म्हणे.

"आपण जगाला गोड बोलायला शिकवतोय, आणि तुमची ताई तिथं कडू बोलते!" हसले. "आई आजारी आहे म्हणा, येईल. मग परत कशाला जाऊ देतोय!" बोलता बोलता माझ्या तोंगतोंगला संत्र्याच्या फोडी भरवत होते. "याला बालवाडीत घालायचंय ना?" शी! नंतर पोराचं तोंड घासून धुतलं मी.

मला वाटलं, तू ओळखशील. आपल्यात लांबच्या माणसाला आजारपण कधी कळवतात का? आजोबा गेले तेसुद्धा तुला सुट्टीला आल्यावरच कळलं. पण तू रडलीस. "तिकीट काढते," म्हणालीस. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

फोनवर लिहावं तर ते वाचतात. टपाल पोचेपर्यंत तू निघालेली असशील.

आई धडधाकट आहे गं. तू येणार म्हणून आत डंपलिंगचं सारण कालवतेय, आणि मला विचारतेय, "ताई येतेय, तर तू रडतेस कशाला?"

तुझी भित्री,
रुइफांग