माडाच्या आळ्यातली जांभळी फुलं

आई, तुला एकच विचारायचं आहे. तू तळ्यात निर्माल्य सोडणं कधी बंद केलंस?

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी मामाने मुंबईहून बोटीने ते रोप आणलं. मागल्या दारच्या दगडी डोणीत ते पाण्यावर तरंगत असायचं. फुगीर देठ, जांभळा तुरा. तू रोज एक तुरा देवाला वाहायचीस. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून दुसऱ्या सकाळी सुपातून तळ्यात सोडायचं, ही आपल्या घरची रीत. तुरा खुडताना कधी मुळासकट पिलूच हाती यायचं. तेही सुपात जायचं.

वर्षभरात तळं झाकलं. पानांखाली ऊन पोचेना. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत, मग पोट वर करून तरंगू लागले. पाण्याला वास सुटला. तळं दोन वाड्यांचं. पलीकडच्या वाडीतल्या काकूशी पाटाच्या पाण्यावरून तुझं आधीच वाजलेलं. तू बांधावर उभी राहून म्हणालीस, "विष कालवायला इथं दुसरं कोण येणार?"

"वयनी, माझी पोरंबी ह्याच तल्याचं पानी पितात. त्यांना मारू काय?"

"तुझं तू जाण."

त्यानंतर हळदीकुंकवाला तिला बोलावणं गेलं नाही. तू देवाघरी गेलीस तेव्हा ती बांधापर्यंत आली आणि तिथूनच परतली.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले. आता ती ओटीवरच बसून असते. सहज म्हणाली, "तुझी आय सूप उपडं करायची, त्यात ती झाडं असायची. मी बघलंय."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"देवाचं व्हतं ते. त्याला काय बोलू?" मग हसली. "आनि तुझ्या आयशीपुढं बोलून कोन जिंकलंय?"

तेव्हापासून मी बांधावरची ती सकाळ पुन्हा पुन्हा पाहते आहे. तुझ्या हातात रिकामं सूप आहे. तू तळ्याकडून नाही, माडाकडून येते आहेस. माडाच्या आळ्यात कालची जांभळी फुलं पडली आहेत. म्हणजे तिला बोल लावण्याआधीच तुला ठाऊक होतं? की निर्माल्य सोडायला तळ्यात मोकळं पाणीच उरलं नव्हतं, एवढंच?

हे पत्र पोचवायची सोय असती, तरी मी पाठवलं नसतं. तू उत्तर दिलं असतंस, आणि ते खरं की खोटं हे विचारायला मी काकूकडेच गेले असते.