वळणावरच्या दोन जागा

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायचा प्रसंग कधी आलाच नाही. तू गावात, मी खांदा कॉलनीत, मध्ये स्कूटरचं अंतर. बोलायचं असलं की तू दुकानात येऊन जुन्या टायरांच्या थप्पीवर बसायचास आणि मी गाडीखालून उत्तरं द्यायचो. आता मला तुला काही विचारायचं आहे आणि थप्पीवर कुणी नाही, म्हणून लिहितो. परवा सकाळी आम्ही निघतोय. स्नेहलची शर्यत आहे, राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची फेरी. तू नसताना होणारी ही तिची पहिली शर्यत. बसायचं कुठं हे दर वेळी तू ठरवायचास. या वेळी मी ठरवलं आणि घोळ घातला. की नाही घातला? तेच तर कळत नाहीये.

मंदाही येतेय. हे वाचून तू सरळ होऊन बसला असतास.

आपली पोरगी लहान गाड्यांच्या शर्यतीत उतरली तेव्हापासून मंदानं, तिच्या आईनं, एकदाही ट्रॅक बघितलेला नाही. टीव्हीवर लागलं तरी ही आत जाऊन कांदे चिरत बसायची. तिच्या वाटचं बघण्याचं काम तू उचललं होतंस. शर्यत संपली की मी निकालाच्या पडद्याकडे धावायचो आणि तू कोपरा गाठून तिला फोन लावायचास. पहिलं वाक्य ठरलेलं. "मंदा, पोर उतरली गाडीतून." नंबर वगैरे नंतर, तोही तिनं विचारला तर.

तू गेल्यावर मी तिला म्हटलं, आता फोन मी करीन.

"तुमी नका करू," ती म्हणाली. "तुमी आधी नंबर सांगाल, मग टायमिंग सांगाल, मग गाडीचं काय चुकलं ते सांगाल. तवर माझा जीव जाईल. त्यापेक्षा मीच येते."

एवढ्या वर्षांच्या माझ्या विनवण्यांनी जे झालं नाही ते तुझ्या जाण्यानं झालं. याचा आनंद मानायचा का, दादा? मला नाही मानता आला. तिला नीट बसवायची जबाबदारी आता माझ्या एकट्यावर आली, एवढंच मनात आलं. तिला तिथं काही भलतं दिसलं तर ती पुन्हा कधी येणार नाही. आणि ती नाही आली तर पुढच्या प्रत्येक शर्यतीला घरात बसून काय भोगेल, ते तुझ्याइतकंच मलाही माहीत आहे.

म्हणून जागा निवडायला घेतली. हे काम मी कसं करतो ते तुला सांगायला नको. लग्नाच्या मांडवात पंखा कुठं, वाढपी कुठून निघणार हे हेरून दत्ता पंगतीला बसतो, असं तू सगळ्या गावात सांगत फिरायचास. खरं आहे ते. मी शाळा सोडली ती सोडली, पुढचं सगळं बघून बघून आणि तपासून शिकलो. गाड्यांच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या, शब्दकोश मांडीवर ठेवून वाचल्या. चाकाच्या कोनात एक अंश चुकला की गाडी एका बाजूला ओढते. तसंच, बसायची जागा चुकली की शर्यत दिसत नाही, नुसती ऐकू येते.

या वेळचा ट्रॅक दक्षिणेतल्या एका शहरात, तिथल्या रस्त्यांवरच बांधलाय. तिकिटांच्या साइटवर त्याचा नकाशा होता. तो मी झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणला आणि दुकानातल्या टेबलावर पसरला. दुपारचं ऊन कुठल्या स्टँडच्या डोळ्यांवर येईल ते पेन्सिलीनं आखलं. खालच्या रांगा सोडल्या, कारण तिथं बसलं की जाळीच दिसते. मोठा पडदा समोर हवा. मंदाच्या गुडघ्यांना जिना सोसणारा हवा, आणि जागा कडेची हवी, म्हणजे तिला उठून जावंसं वाटलं तर कुणाच्या पायांवरून जावं लागू नये.

आणि मुख्य म्हणजे वळण शांत हवं. लांब सरळ रस्ता जिथं संपतो, तिथं सगळी झुंज असते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या नंतर ब्रेक मारायला बघतो, चाकाला चाक लागतं. ते तिला पहिल्याच दिवशी दाखवायचं नव्हतं. म्हणून सरळ रस्ता जिथं सुरू होतो तिथलं वळण घेतलं. तिथून गाड्या एकामागोमाग बाहेर पडतात आणि निघून जातात. दोन तिकिटं काढली आणि मंदाला सांगितलं, याहून निर्धास्त जागा अख्ख्या ट्रॅकवर नाही.

काल दुपारी स्नेहलचा फोन आला.

"बाबा, कुठलं स्टँड घेतलंत?"

मी सांगितलं.

"बाबा, आईला घेऊन तिथे बसणार तुम्ही?"

"का? तिथून गाड्या सुटतात नुसत्या."

"सुटत नाहीत. तिथे येऊन थांबतात. म्हणजे, थांबवाव्या लागतात. हा ट्रॅक उलटा आहे, बाबा. सरळ रस्ता तुमच्यापाशी संपतो."

नकाशावर बाण नव्हता, दादा. बाण मी काढला होता, लाल पेनानं. देवळात आपण देव उजव्या हाताला ठेवून फेरी घालतो, घड्याळाचे काटे तसेच फिरतात, आजवर आपण ज्या ट्रॅकवर गेलो तोही तसाच फिरायचा. गाड्या दुसऱ्या अंगानं येतील हे मनाला शिवलंच नाही. ऊन तपासलं, जिना तपासला, जाळी तपासली, आणि गाडी येते कुठून हे कुणाला विचारलं नाही. टायर बसवताना आधी त्याच्यावरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघा असं दिवसभर दुसऱ्यांना सांगणारा मी.

"मुख्य स्टँडमध्ये थोड्या जागा आहेत अजून," स्नेहल म्हणाली. "प्लीज बदलून घ्या. आई त्या वळणावर बसलीये हे डोक्यात असलं ना, तर माझा पाय ब्रेकवर आधी जाईल. मी मुद्दाम नाही करणार, पण जाईल. आणि मागून येणाऱ्याला ते कळणार नाही."

शेवटचं वाक्य ती हळू बोलली. मला मात्र तेच ऐकू येत राहिलं. मागून येणाऱ्याला ते कळणार नाही. मी दुकान लवकर बंद केलं, हातावरचं ग्रीस तसंच, आणि वडाळे तलावाच्या कठड्यावर जाऊन बसलो.

तिथं मला तू आठवलास. आपल्या बैलगाडीच्या शर्यती आठवल्या. सगळं गाव शर्यत संपते त्या झेंडीपाशी गर्दी करायचं, आणि तू मला बखोटीला धरून झेंडीच्या पुष्कळ पुढं न्यायचास, जिथं उधळलेली जोडी आवरायची धडपड चालायची. तिथून कोण जिंकलं ते काही दिसायचं नाही. मी रडकुंडीला यायचो.

"अरे दत्त्या, झेंडीपाशी माणसं काय कमी हायेत?" तू म्हणायचास. "इथं कोण पडला तर उचलायला कोण हाय?"

आणि खरंच, गाडीवान पडायचे ते तिथंच. एकदा एकाला तू चाकाखालून ओढून काढलंस आणि वर त्यालाच शिव्या घातल्यास, बैलांना पाणी पाजलं नव्हतं म्हणून.

मग स्नेहलच्या शर्यतींना येऊ लागलास तेव्हाही तू दर वेळी एकाच बाजूला बसायचास, जिथं अॅम्ब्युलन्सचं फाटक असायचं. मी वैतागायचो. इथून दिसतं काय, दादा? तू म्हणायचास, "मला पुरतं." मला वाटायचं, बैलांतलं कळतं तेवढं याला गाड्यांतलं कळत नाही. तू फाटक हेरून बसायचास, हे मला काल त्या कठड्यावर कळलं. सांगितलं का नाहीस? मी घाबरीन म्हणून? छातीत दुखत होतं तेही सांगितलं नाहीस, स्वतःच स्कूटर काढून डॉक्टरकडे गेलास. सगळी भीती एकट्यानं ठेवून घ्यायची ही कसली रीत, दादा? आम्हाला थोडी दिली असतीस तर आज सवय झाली असती.

घरी आलो तेव्हा मंदा ओट्यापाशी मांदेली साफ करत होती. एरवी मी आधी प्रस्तावना केली असती. काल सरळ सांगितलं: जागा चुकली, वळण सगळ्यात वाईट आहे, आज बदलून मिळेल, स्नेहलही बदला म्हणते.

तिनं हात थांबवला नाही. "बदललेली जागा कशी हाय?"

"सुरक्षित. सरळ रस्त्याच्या मध्यावर. पण तिथून गाड्या इतक्या जोरात जातात की कुठली कुणाची ते कळत नाही."

"आणि चुकलेली?"

"तिथं सगळ्यात हळू होतात. हळू म्हणजे आपल्या मानानं जोरातच. पण गाडी उघडी असते, डोकं दिसतं."

"तोंड दिसतं?"

"हेल्मेट असतं, मंदा."

"रंग कुठला?"

मला हसू आलं आणि रडूही. एवढ्या वर्षांत मी तिला टायरचा दाब सांगितला, गिअरचे रेशो सांगितले, आणि लेकीच्या हेल्मेटचा रंग सांगितला नव्हता. "पिवळा," मी म्हटलं. "भंडाऱ्यासारखा. मागं निळा पट्टा."

"मग तीच जागा राहू दे," ती म्हणाली. "नुसता आवाज ऐकायचा तर मी घरीच बरी व्हते. एवढ्या लांब येऊन पोर दिसायला नको? आणि भावोजी कुठं बसले असते? असल्याच ठिकाणी ना?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. फाटकाचं. मी विचारलं, तुला दादानं सांगितलं होतं?

"सांगायला कशाला हवं? फोन करायचे तवा पयल्यांदा धाप ऐकू यायची, मग शब्द. शर्यत बसून बघणाऱ्याला धाप लागते काय? पोर बघायला फाटकाकडं धावत गेलेले असायचे."

मग तिनं हात धुतले, फोन मागितला आणि स्नेहलला लावला. मी समोरच होतो, म्हणून शब्दाला शब्द सांगतो.

"काय गं, मी वळणावर बसले तर तू ब्रेक आधी मारणार म्हणे?"

पलीकडून काहीतरी समजावणं चाललं होतं.

"ते मला कळत नाय. तुझा ब्रेक जिथं हाय तिथं मार. माझ्यासाठी अलीकडं मारलास तर घरी आल्यावर ताट वाढणार नाय, सांगून ठेवते. तू मला बघायचं नाय. बघायला मी येतेय."

मग बराच वेळ मंदा नुसती "हां, हां" करत राहिली. तिचे डोळे भरले, पण आवाज नाही बदलला. शेवटी म्हणाली, "त्यांना मी बसवून ठेवते, तू काळजी नको करू," आणि फोन माझ्या हातात दिला. स्नेहल म्हणाली, "बाबा, ठीक आहे. तिथेच बसा. मी तुमच्या बाजूला बघणार नाही, कळलं ना? आणि प्लीज, तुम्ही उभे राहू नका."

तर जागा तीच आहे, दादा. तिकीट बदलायची मुदत टळून गेली, आता बदलताही येणार नाही.

मंदा शांत आहे. तिनं दशम्यांचं पीठ काढून ठेवलंय, साडी कुठली नेसायची यावर जावांशी फोन चाललेत. मी मात्र आतून हललोय. नकाशा पुन्हा उघडला. आमच्या स्टँडच्या शेजारीच अॅम्ब्युलन्सची खूण आहे. ती बघून बरं वाटायला हवं होतं, उलट मी नकाशा मिटून ठेवला. स्नेहल कबूल झाली ती आईच्या धाकानं, की खरंच तिचा पाय जागेवर राहील? पहिल्या फेरीला सगळ्या गाड्या एकत्र त्या वळणावर येतात. पोर म्हणते बघणार नाही. पण आई कुठल्या रांगेत आहे हे माहीत असताना डोळा जरासा तिकडे गेला तर? मी ताणून धरून जागा बदलली असती तर बरं झालं असतं का? मी मंदाचं ऐकलं ते तिचं पटलं म्हणून, की चूक निस्तरायची लाज वाटली म्हणून? माझी चूक तिच्या हट्टाखाली झाकली गेली, हे मला सोयीचं झालं का? तू असतास तर थप्पीवरून उठून एवढंच म्हणाला असतास, "आता झालं ना? मग चल." त्या तुझ्या 'चल'मध्ये किती धाप होती, हे मी कधी ऐकलंच नाही.

तुझ्यासारखं फाटकाकडे धावणं मला जमेल की नाही ठाऊक नाही. गुडघे माझेही आता ऐकत नाहीत. जमेल ते एवढंच सांगतो. मी उभा राहणार नाही. मंदानं डोळे मिटले तर मिटू देईन, बघ बघ म्हणून तिला टोचणार नाही. माझे मात्र उघडे ठेवीन. ती हात घट्ट धरून विचारेल, "वळली का?" तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून हो म्हणणार नाही, अंदाजानंही म्हणणार नाही. पिवळं हेल्मेट वळणातून बाहेर पडलेलं आधी स्वतः बघीन. मग सांगीन. प्रत्येक फेरीला.

तुझा,
दत्ता