बाबांची बारा फुटी शिडी

प्रिय ताई,

बावीस वर्षांनी लिहितेय. अक्षर ओळखलंस ना? तू ज्याला कोंबडीचे पाय म्हणायचीस, तेच आहे अजून.

परवा कॉलेजात शिडीचं गणित शिकवत होते. फळ्यावर भिंतीला टेकलेली शिडी काढली आणि मला बाबांचीच दिसायला लागली, रंगाच्या ठिपक्यांनी भरलेली. सुट्टीत ती खांद्यावर घेऊन आपण तिघं रंगकामाला निघायचो. पुढे बाबा, मागे तू, मधे मी नुसता हात लावून. तोरा मात्र असा, की सगळं ओझं माझ्यावरच. बाबा भसाड्या आवाजात गायचे आणि तुझ्या हसण्याने शिडी हलायची. घरी आल्यावर ते रॉकेलच्या बोळ्याने आपली तोंडं पुसायचे. "बाबा, नाक तेवढं राहू द्या!" तू ओरडायचीस.

मग तो गुळगुळीत फरशीचा हॉल. तू रंगाचा डबा आणायला खाली गेलीस आणि इकडे बाबा पडले. पाय कायमचा अधू झाला. "शिडी सोडून गेलीच कशी?" हे आईने तुला इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी तू घरच सोडलंस. बाबा गेले तेव्हाही दारातूनच परत फिरलीस.

परवा एका मुलीने विचारलं, "मॅडम, खाली कुणी उभं असतं तर?" मी मांडून दाखवलं. माणूस वर चढतो तसा त्याच्या वजनाचा शिडीला फिरवणारा जोर वाढतो, भिंतही तितकीच उलट ढकलते आणि ते सगळं पायाशी फरशीच्या घर्षणाला पेलावं लागतं. बारा फुटी शिडी, पाय भिंतीपासून सहा फुटांवर. खालच्या पायरीवर तुझं वजन धरलं तरी उत्तर एकच आलं: घसरणार.

सहा फूट मला कसे ठाऊक? तू डबा आणायला गेल्यावर बाबांनी मला शिडी पलीकडच्या भिंतीला लावायला सांगितली. तिथे भिंतीलगत गुंडाळलेले गालिचे होते. ते सरकवायचा कंटाळा आला, म्हणून मी शिडीचा पाय त्यांच्या अलीकडेच ठेवला. बाबा न बघता चढले. मी लावली होती ना! आणि नंतर तुला बोलणी बसत होती तेव्हा मी गप्प राहिले.

काल आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिचा पत्ता आहे का तुझ्याकडे?" रविवारी दुपारी तिला घेऊन येतेय. माझ्याबद्दल काय ते तुझं तू ठरव. पण आईला आत घे, ताई. मी हवं तर खालीच थांबेन.

तुझीच,
ठमी